मिस कॉल नेमका कोणाचा?

सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा, होऊन वेचणीला जोर आला की आमच्या पांढरकवड्याकडे जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांच्या रांगा लागतात. २००४ च्या हंगामात अशीच रांग लागलेली असताना काट्यावरच्या मुनीमकाकांचा फोन आला. "भाऊ, जसा असशील तसा ये. गाडी काट्यावरून उतरली तरी कॉम्प्युटरवर वजन तेच दिसून रायलं. कास्तकार अंगावर येऊन रायले."

जाऊन पाहतो तर काट्याच्या मीटरवर शून्य आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर ४३८० किलो. म्हणजे काटा ठीक, मीटरही ठीक, आकडा कॉम्प्युटरमध्ये शिरताना कुठेतरी अडकलेला. मीटरपासून येणारी वायर बदलली. चालू झालं. चहा घेतला, पैसे घेतले, निघालो. अर्ध्या तासात परत फोन.

दुसऱ्या खेपेला हुशारी न दाखवता स्टूल ओढून नुसता बसलो. तासाभरात लक्षात आलं. शेटजींचा मुलगा मधूनमधून त्याच कॉम्प्युटरवर इंटरनेट लावायचा, डब्यातला मॉडेम, म्हणजे फोनच्या तारेवरून इंटरनेट जोडणारं कार्ड, किर्र-टिंग-टुंग ओरडायचा आणि त्याच क्षणी वजन गोठायचं. मघाशी वायर बदलल्यावर चालू झालं, ते वायर बदलण्यासाठी मी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला म्हणून. माझ्या वायरीचं त्यात काही कर्तृत्व नव्हतं.

याला हार्डवेअर कॉन्फ्लिक्ट म्हणतात. दोन पार्ट, दोन्ही चांगले, पण एकाच गोष्टीवर दोघांचा हक्क. ती गोष्ट कोणती, ते आधी समजून घेऊ.

प्रोसेसर हा अख्ख्या डब्यातला एकटा मुनीम. कीबोर्ड, माउस, हार्ड डिस्क, प्रिंटर यांच्यापैकी प्रत्येकाकडे जाऊन "तुझं काही काम आहे का?" असं विचारत बसायला त्याला वेळ नसतो. म्हणून पद्धत अशी ठेवली की ज्याचं काम असेल त्याने मुनिमाला मिस कॉल द्यायचा. मुनीम हातातलं काम तिथेच ठेवतो, नंबर पाहतो, त्या नंबरासमोर वहीत जे लिहिलंय ते करतो आणि परत पहिल्या कामाला लागतो. या मिस कॉलला इंटरप्ट म्हणतात, नंबराला आयआरक्यू आणि वहीतल्या त्या पानाला ड्रायव्हर.

अडचण नंबरांच्या संख्येची. १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीमध्ये असे नंबर होते फक्त ८. १९८४ च्या एटी मॉडेलमध्ये आणखी ८ वाढवले, पण दुसरी चिप पहिलीला जोडण्यात 'नंबर २' हा एक खर्ची पडला, म्हणून हाताशी आले १५. त्यातही ० घड्याळाच्या टिकटिकीला, १ कीबोर्डला, ६ फ्लॉपीला, ८ तारीख-वेळ सांभाळणाऱ्या घड्याळाला, १३ गणिताला, १४ आणि १५ हार्ड डिस्क व सीडी ड्राइव्हच्या दोन केबलींना. जुना गोल पिनचा माउस असेल तर १२ त्याचा. प्रिंटरचा ७. साउंड कार्ड बहुधा ५ वर बसलेलं. उरलेल्यात बाकीच्यांनी भागवायचं.

आणि सिरियल पोर्ट, म्हणजे ज्यावर काटा बोलतो ते ९ पिनचं दार, त्यांची तर फारच कंजुषी. कॉम १ आणि कॉम ३ या दोन दारांना मिळून नंबर ४. कॉम २ आणि कॉम ४ ला मिळून नंबर ३. आमचा काटा होता कॉम १ वर. शेटजींच्या मुलाने नागपूरहून, बर्डीच्या बाजारातून, आणलेला मॉडेम बसवणाऱ्याने कॉम ३ वर ठेवला होता. नावं वेगळी, सिमकार्ड एकच. मॉडेमने फोन कानाला लावून धरला की काट्याचा मिस कॉल मुनिमापर्यंत पोहोचायचाच नाही. मुनिमाला वाटायचं, काट्याकडून नवीन काही नाही. पडद्यावर जुनंच ४३८०.

उपाय दहा मिनिटांचा होता. तसल्या जुन्या मॉडेम कार्डावर पिनांच्या जोड्या असत आणि त्यावर बसणारी तुरीच्या दाण्याएवढी काळी टोपी. तिला जंपर म्हणतात. ती टोपी काढून कॉम २, नंबर ३ च्या पिनांवर बसवली. मग बायोसमध्ये, म्हणजे चालू होताना डिलीट बटण दाबल्यावर जो निळा पडदा येतो त्यात, मदरबोर्डचा स्वतःचा कॉम २ बंद केला. नाहीतर इथलं भांडण सोडवून तिथे लावल्यासारखं झालं असतं. काटा हंगामभर चालला.

नंतरच्या पीसीआय कार्डांनी ही कटकट बरीच कमी केली. पूर्वी गावात एका घरी फोन असायचा आणि आळीतले सगळे तोच नंबर द्यायचे, पुढे 'पी.पी.' लिहून. फोन आला की उचलणारा म्हणायचा, "थांबा, बोलावतो." पीसीआयचं तसंच आहे. एका नंबरावर चार कार्डं बसू शकतात. मिस कॉल आला की मुनीम त्या नंबरावरच्या प्रत्येक ड्रायव्हरला विचारतो, तुझ्या कार्डाचा आहे का? नसेल तर पुढच्याला. सगळे ड्रायव्हर सरळ वागले तर हे उत्तम चालतं. एखादा आडमुठा निघाला, की साउंड चालू केला तर लॅन कार्ड झोपतं असले प्रकार होतात. अशा वेळी कार्ड काढून शेजारच्या खाचेत बसवायचं. जागा बदलली की बहुतेक वेळा नंबरही बदलतो. अडाणी उपाय वाटतो, पण मी कित्येकदा एवढ्यावरच मोकळा झालोय.

नाण्याएवढी बॅटरी

त्याच काट्यावरून २००७ मध्ये पुन्हा बोलावणं. या खेपेला वजन ठणठणीत, पण इंटरनेट लागेना. मॉडेम बदलायला सांगून शेटजी मोकळे झाले होते. मी कॉम्प्युटर लावला आणि कोपऱ्यात पाहिलं, तर तारीख कित्येक वर्षं मागची.

मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखी गोल चपटी बॅटरी असते, सीआर२०३२, ३ व्होल्टची. कॉम्प्युटरची पिन भिंतीवरच्या बोर्डात लावलेली असेल तर तिला फारसं काम नसतं. पिन काढली की तारीख आणि बायोसमधल्या सगळ्या नोंदी तिच्या जिवावर. आता जिनिंगचा विचार करा. हंगाम संपला की काट्याच्या खोलीला कुलूप, मेन स्विच खाली, ते थेट दिवाळीच्या आसपास उघडायचं. सात-आठ महिने ती बॅटरी एकटी राबते. घरच्या कॉम्प्युटरला जी पाच वर्षं पुरते ती काट्यावर तीन वर्षांत झोपते, यात नवल नाही.

बॅटरी गेली, बायोस कंपनीच्या मूळ नोंदींवर परत गेला, मी बंद केलेला कॉम २ आपोआप चालू झाला आणि मॉडेमच्या उरावर बसला. तक्रार इंटरनेटची, नवा मॉडेम मागवायची तयारी, आणि गुन्हेगार नाण्याएवढा.

म्हणून आता कुठल्याही जुन्या डब्यासमोर बसलो की पहिली नजर तारखेवर. चालू होताना 'एफ-१ दाबा' असं काही येत असेल, फ्लॉपी नसताना फ्लॉपी सापडत नाही म्हणून रडत असेल, सुरक्षित वेबसाइटही 'सुरक्षित नाही' म्हणत असेल, तर आधी बॅटरी मोजा. मीटरवर अडीच व्होल्टच्या आसपास आली असेल तर ती बदलल्याशिवाय दुसरं काही उघडू नका. बदलल्यावर बायोसमध्ये एक नोंद मात्र तपासा. थोड्या नंतरच्या बोर्डांत साटा, म्हणजे पातळ केबलीची, हार्ड डिस्क 'आयडीई' म्हणून चालवायची की 'एएचसीआय' म्हणून, हे तिथे ठरतं. विंडोज एक्सपी टाकताना आयडीई असेल आणि बॅटरी जाऊन ते एएचसीआय झालं, तर एक्सपी बिघाडाचा निळा पडदा दाखवतो, ज्यातल्या आकड्याच्या शेवटी ७बी असतं. लोक घाबरून अख्खी विंडोज नव्याने टाकतात. नोंद जुन्या जागी नेली की तीच विंडोज जशीच्या तशी उठते.

पिवळं चिन्ह पाहून घाबरू नका

भांडण आहे की नाही हे विंडोजलाच विचारता येतं. एक्सपीसारख्या जुन्या विंडोजमध्ये 'माय कॉम्प्युटर'वर उजवं बटण, 'मॅनेज', मग 'डिव्हाइस मॅनेजर'. ज्याचं दुखतंय त्याच्यापुढे पिवळं उद्गारचिन्ह. पण प्रत्येक पिवळं चिन्ह म्हणजे भांडण नव्हे. त्यावर दोनदा टिचकी मारा, आत कोड लिहिलेला असतो. १२ असेल तर जागा किंवा नंबर मिळाला नाही, म्हणजे खरं भांडण. २८ म्हणजे ड्रायव्हरच टाकलेला नाही. ३९ म्हणजे ड्रायव्हर आहे पण मोडका, किंवा जागेवरून गायब. १० म्हणजे सुरूच होत नाही, कारण काहीही असू शकतं. तिथेच 'व्ह्यू'मध्ये 'रिसोर्सेस बाय टाइप' निवडलं की कोणत्या नंबरावर कोण बसलंय त्याची यादीच येते. काट्याच्या वेळी मला ही यादी बघायचं सुचलं असतं तर स्टुलावरचा तास वाचला असता.

आता डिस्क ड्राइव्ह. यात भांडणापेक्षा इतर भानगडीच जास्त.

मध्यंतरी लग्नाचे फोटो-व्हिडिओ काढणारा एक स्टुडिओवाला आपला 'सीपीयू' मोटरसायकलवर दुपट्ट्याने बांधून घेऊन आला. आमच्याकडे अख्ख्या डब्याला सीपीयूच म्हणतात, असू द्या. म्हणाला, "दादा, डीव्हीडी ड्राइव्ह मेला. नवा टाकून द्या." त्याची सगळी जुनी लग्नं सीडी-डीव्हीडीवर, कपाटभर.

नवा टाकण्याआधी एकच प्रश्न: ड्राइव्ह कोणाला दिसत नाही? बायोसला, विंडोजला, की ड्राइव्हलाच डिस्क दिसत नाही? या तिन्हींचे रस्ते वेगळे आहेत आणि ही वाटणी न करता ड्रायव्हर बदल, केबल बदल, विंडोज बदल करत बसणं म्हणजे विहिरीत मोटार आहे का ते न बघता विजेच्या डीपीवाल्याला फोन लावणं.

बायोसलाच दिसत नसेल तर विंडोजला हातही लावू नका. डब्याची पिन काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते, मग उघडा. डबा चालू असताना ट्रेचं बटण दाबून ट्रेही येत नसेल तर करंटच पोहोचत नाही. ट्रे येतोय तर डेटाची केबल. साटाची पातळ केबल मोटरसायकलवरच्या धक्क्यांनी सैल होते, नुसती काढून घट्ट बसवा. जुन्या रुंद पट्टीच्या केबलीत दोन ड्राइव्ह एकाच वायरीवर असतात आणि तिथे बंडीच्या जुवासारखं आहे. एक बैल डावा, एक उजवा. दोघेही डावीकडे उभे राहिले तर बंडी हलत नाही. ड्राइव्हच्या पाठीमागच्या जंपरवर एकाला मास्टर, दुसऱ्याला स्लेव्ह करा. दोघे मास्टर असले तर कधी एक दिसतो, कधी दोन्ही गायब. हार्ड डिस्क गायब झाली म्हणून रडत येणाऱ्यांच्या डब्यात मला बरेचदा कालच बसवलेला सीडी ड्राइव्ह सापडतो. ८० तारांच्या बारीक पट्टीत निळं टोक मदरबोर्डला, काळं मास्टरला, मधलं राखाडी स्लेव्हला. लाल काठ पिन १ च्या बाजूला.

बायोसला दिसतो पण विंडोजला नाही, हा स्टुडिओवाल्याचा प्रकार निघाला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह, कोड ३९. विचारलं, एवढ्यात काय काढलं? डीव्हीडी जाळायचं, म्हणजे तिच्यावर लिहायचं, एक सॉफ्टवेअर काढून दुसरं टाकलं होतं. ही सॉफ्टवेअरं विंडोज आणि ड्राइव्ह यांच्या मधे आपला एकेक माणूस बसवतात. सॉफ्टवेअर निघून जातं, पण हजेरीपटावर त्या माणसाचं नाव राहतं. विंडोज त्याला हाक मारते, ओ येत नाही, म्हणून ती ड्राइव्हलाच गैरहजर धरते. हा हजेरीपट रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या नोंदवहीत, असतो: सिस्टिम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल, क्लास, आणि त्यात ४डी३६ई९६५ ने सुरू होणारी लांबलचक नावाची फोल्डरवजा घडी. तिथल्या उजव्या बाजूच्या 'अपरफिल्टर्स' आणि 'लोअरफिल्टर्स' या दोन नोंदी काढायच्या आणि रिस्टार्ट. काढण्याआधी त्या घडीची 'एक्स्पोर्ट' करून प्रत ठेवा. आणि आकडे तीनदा वाचा, कारण शेजारची ४डी३६ई९६७ ही हार्ड डिस्कची आहे. तिथलं काढलं तर कॉम्प्युटर उठणारच नाही.

रिस्टार्ट झाला, ड्राइव्ह हजर. स्टुडिओवाल्याने खिशातून लगेच एक सीडी काढून टाकली. घर्रर्र, घर्रर्र, आणि 'डिस्क टाका' असा निरोप. डीव्हीडी टाकली तर ती मात्र झटकन उघडली.

हा तिसरा प्रकार. एकाच ड्राइव्हमध्ये सीडी वाचायला डोळ्याला न दिसणारा ७८० नॅनोमीटरचा लेसर असतो आणि डीव्हीडीला ६५० नॅनोमीटरचा लाल. एक म्हातारा झाला तरी दुसरा ठणठणीत राहू शकतो. पण म्हातारपणाचा दाखला देण्याआधी भिंग बघावं. डब्याच्या मागचा पंखा हवा बाहेर फेकतो आणि ती हवा आत येते समोरच्या फटींतून, म्हणजे ट्रेच्या दारातूनही. आमच्याकडे डिसेंबरात हवेतच रुई असते. जिनिंगपासून कोसभरातल्या कुठल्याही डब्याचा पंखा उघडा, गोधडीला पुरेल एवढी निघते. तीच भिंगावर बसते. मऊ कापसाच्या काडीला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून, न दाबता, एकदा फिरवायचं. थिनर आणि नेलपॉलिश काढायचं पाणी अजिबात नको, भिंग प्लॅस्टिकचं असतं, कायमचं पांढुरकं होतं.

भिंग पुसून त्याच्या दहापैकी सहा सीड्या वाचल्या. उरलेल्या चारचा दोष ड्राइव्हचा नव्हता. सीडीचा डेटा खालच्या चकचकीत बाजूला असतो असं सगळ्यांना वाटतं, पण तो असतो वरच्या छापील बाजूला, वार्निशच्या पातळ थराखाली. खालून १.२ मिलिमीटर जाड प्लॅस्टिकचं कवच आहे, तिथला ओरखडा पुष्कळदा चालून जातो. वरून बॉलपेनने 'राजू-सविता, वैशाख' असं दाबून लिहिलं की लग्नाच्या त्या भागाला भोक पडतं. उजेडात धरून बघा, टाचणीएवढे प्रकाशाचे ठिपके दिसतात.

अशा खराब डिस्कांचा आणखी एक उपद्रव आहे आणि तो ओळखायला मला वर्ष लागलं. ड्राइव्ह वाचतो, पण बैलगाडीच्या वेगाने, आणि वाचताना माउसही अडखळतो. हमालाचं उदाहरण घ्या. एरवी पोती हमाल वाहतो आणि मुनीम फक्त नोंद करतो, त्याला डीएमए म्हणतात. एक्सपीला वाचताना-पाठवताना सहा चुका सापडल्या की ती हमालाला एक पायरी खाली उतरवते. चुका होतच राहिल्या की शेवटी हमालाला घरी बसवून मुनिमालाच पोती वाहायला लावते. तो पीआयओ. कुठे सेकंदाला १०० एमबीची केबल, कुठे जेमतेम १६. आणि गंमत म्हणजे ती खराब डिस्क काढून टाकली तरी हमालाला कोणी परत बोलावत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'सेकंडरी आयडीई चॅनेल'च्या आत 'ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज'मध्ये पीआयओ दिसला, तर ते चॅनेल 'अनइन्स्टॉल' करून रिस्टार्ट करा. विंडोज त्याला नव्याने ओळखते आणि जुनी भांडणं विसरते.

दिवसा चालतो आणि रात्री डिस्क टाकली की अख्खा कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो, अशी तक्रार खेड्यांतून हमखास येते. रात्रीच्या पाळीत शेतावरच्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं, आणि डिस्क फिरवायला ड्राइव्ह एकदम १२ व्होल्टच्या तारेवर ओढ घेतो. एसएमपीएस, म्हणजे डब्याला वीज पुरवणारा भाग, थकलेला असेल तर तेवढ्याने गुडघे टेकतो. पिवळ्या तारेवर ११.४ च्या खाली किंवा लालवर ४.७५ च्या खाली आलं तर एसएमपीएस बदला. मदरबोर्डवरच्या कपॅसिटरांच्या टोप्या फुगल्यात का तेही बघा. २००० नंतरच्या चार-पाच वर्षांतल्या बोर्डांना तो रोगच होता. डब्याला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही, ते आधी करून घ्या.

स्टुडिओवाल्याचा डबा बंद करता करता मी हार्ड डिस्कला कान लावला. टक्, टक्, थांबून परत टक्. बाकी सगळं बर्डीवर मिळतं, एसटीच्या पार्सलने दुसऱ्या दिवशी येतं, हिच्यातलं मिळत नाही. त्याला म्हटलं, आजच्या आज सगळी लग्नं दुसरीकडे उतरवून घे, तोवर हा डबा उगाच चालू-बंद करू नको.

तो डबा दुपट्ट्यात बांधत म्हणाला, "मंग सीड्यांवर टाकून ठेवू का दादा?"